स्क्रिप्ट फेल झाली तर ती ओरडली पाहिजे: सर्व्हर, डॉकर आणि क्लाउडच्या रोजच्या कामाच्या टिप्स

एका प्रोजेक्टमध्ये आमच्या डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री २ वाजता निघायचा. फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे फाइली ओळीने लागलेल्या, क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) चालू, कुठे एक एरर नाही. एकदा टेस्टिंगला खरा डेटा हवा होता म्हणून मी त्यातली ताजी फाइल उचलली तर साइझ २० बाइट. आदल्या दिवशीची बघितली, तीपण २०. त्याच्या आदल्या दिवशीची, तीपण २०, असं मागे मागे जात १९ दिवस. झालं असं होतं की डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि त्या दिवसापासून पीजी-डंपला (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढणारी कमांड) लॉगिनच होत नव्हतं, पण त्याचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी नळी) जीझिपला (फाइल कॉम्प्रेस करणारं टूल) जात होतं, आणि जीझिपचं काम तर व्यवस्थित होत होतं ना, त्याला आत काहीच आलं नाही तर त्याने ते काहीच नाही कॉम्प्रेस करून ठेवलं. रिकाम्या इनपुटला जीझिप केलं की बरोबर २० बाइटची फाइल होते, करून बघा.

नशिबाने त्या १९ दिवसांत डेटाबेसला काही झालं नाही. पण तेव्हापासून मी स्क्रिप्ट लिहिताना आधी हे बघते की ही फेल झाली तर मला कळणार कसं, आणि मग ती काम कसं करते ते. खाली जे लिहितेय ते सगळं त्याच अनुभवातून आलेलं आहे. कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या इंग्रजीत टाइप करायच्या, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर अक्षरं स्मॉलच.

स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळी

पहिली ओळ शेबँगची, म्हणजे ही स्क्रिप्ट कुठल्या शेलने (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालवायची ते सांगणारी, त्यात बॅशच लिहा, नुसतं एसएच नको. उबंटू-डेबियनवर एसएच म्हणजे बॅश नसतो, डॅश नावाचा छोटा शेल असतो, आणि मग लॅपटॉपवर मस्त चाललेली स्क्रिप्ट सर्व्हरवर भलत्याच ओळीवर सिंटॅक्स एरर देते आणि आपण तासभर त्या ओळीकडे बघत बसतो.

दुसरी ओळ: सेट, मग डॅश लावून ई-यू-ओ, मग पाइपफेल. ही एक ओळ असती तर माझे १९ दिवसांचे बॅकअप गेले नसते, म्हणजे गेले असते पण पहिल्याच रात्री कळलं असतं. ई म्हणजे एखादी कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, पुढे रेटत नाही. यू म्हणजे जे व्हेरिएबल कधी सेटच केलं नाही ते वापरलं की थांबते. पाइपफेल सगळ्यात महत्त्वाचं, कारण बॅशमध्ये पूर्ण पाइपचा एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा, शून्य म्हणजे पास) हा फक्त शेवटच्या कमांडचा धरला जातो, मधलं कोणी पडलं तरी शेवटचा शून्य देतोय म्हणून सगळं पास. पाइपफेल लावलं की मधला पडला तरी पूर्ण पाइप फेल.

आता याच्या खाचाखोचा. इफच्या कंडिशनमध्ये किंवा डबल अँपरसँडच्या डाव्या बाजूला असलेली कमांड फेल झाली तर ई तिकडे लक्ष देत नाही, ते मुद्दामच तसं आहे. उलट ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही तर तो १ परत करतो आणि ईमुळे स्क्रिप्ट मरते, खरं तर 'सापडलं नाही' हे तुमच्यासाठी अगदी चालण्यासारखं उत्तर असतं, अशा ठिकाणी ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ट्रू लिहायचं. आणि यू फक्त सेट न केलेलं व्हेरिएबल पकडतो, रिकामं पकडत नाही. आरएम डॅश आर-एफ करून पुढे व्हेरिएबल, स्लॅश, स्टार असं जिथे लिहिलंय तिथे ते व्हेरिएबल रिकामं निघालं तर ती कमांड थेट रूटपासून पुसायला लागते. म्हणून पुसणाऱ्या ओळीत व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घ्या आणि नावाच्या लगेच पुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, मग ते रिकामं असेल तरी बॅश एरर देऊन थांबतो. हे मी कितीही घाईत असले तरी सोडत नाही.

स्क्रिप्ट लिहून झाली की शेलचेक चालवा, फुकट टूल आहे. कोट न लावलेली व्हेरिएबल्स, चुकलेले कंस, सगळं ओळ नंबरासकट दाखवतं. त्याचे शेरे सुरुवातीला फार बारीकसारीक वाटतात पण प्रत्येकाच्या मागे कोणाचातरी सर्व्हर बसलेला असतो.

क्रॉनमध्ये टाकायच्या आधी

टर्मिनलवर चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीये, आणि दर वेळी कारण याच चारपाच गोष्टींपैकी एक असतं. क्रॉनला तुमचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही, अगदी तुटपुंजा मिळतो, म्हणून स्क्रिप्टच्या वर पाथ स्वतः सेट करा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी असलेली फाइल) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवीन ओळ असा अर्थ धरला जातो, त्यामुळे डेट कमांडने फाइलच्या नावात तारीख घालायला गेलात की कमांड अर्धीच कापली जाते, टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या नाहीतर सरळ ती तारीख स्क्रिप्टच्या आत काढा, दुसरं बरं. क्लाउडचे बहुतेक सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेवर असतात म्हणून रात्रीचे २ म्हणजे नक्की कुठले २ ते एकदा बघून घ्या. आणि आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाली तर दोन्ही एकाच फाइलवर लिहितात, त्यासाठी फ्लॉक (फाइलवर कुलूप लावणारी कमांड) आहे, डॅश एन लावून, म्हणजे कुलूप आधीच लागलेलं असेल तर वाट न बघता बाहेर पडतो.

सर्व्हर बंद असताना क्रॉनची वेळ निघून गेली तर ती फेरी गेलीच. सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) टायमर वापरला आणि त्यात परसिस्टंट ट्रू केलं तर मशीन परत चालू झाल्यावर चुकलेली फेरी तो करून घेतो. शिवाय लॉग जर्नलमध्ये आपोआप जातात. नवीन सर्व्हरवर मी आता टायमरच लावते.

पण एक प्रश्न उरतोच, स्क्रिप्ट चाललीच नाही तर ओरडणार कोण? एरर आली की मेसेज पाठव असं लिहिलं तरी मशीनच बंद असेल तर मेसेज कुठून येणार. म्हणून उलट करायचं. काम नीट पार पडल्यावर शेवटच्या ओळीत कर्लने (वेब पत्त्याला रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) एका मॉनिटरला, म्हणजे लक्ष ठेवणाऱ्या टूलला, हाक मारायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर मॉनिटर तुम्हाला उठवतो. अपटाइम कुमामध्ये पुश मॉनिटर आहे, हेल्थचेक्स नावाचं ओपन सोर्स टूल तर याच कामासाठी आहे. मॉनिटर मात्र त्याच सर्व्हरवर ठेवू नका. कर्लला डॅश एफ द्यायला विसरू नका, कारण समोरून ४०४ किंवा ५०० आला तरी कर्ल डॅश एफशिवाय शून्यच परत करतो, त्याच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे झालं. आणि मॅक्स-टाइम १० सेकंद वगैरे लावा, नाहीतर मॉनिटर अडकला म्हणून तुमची स्क्रिप्ट अडकायची.

बॅकअपची स्क्रिप्ट, जशी मी आता लिहिते

वरच्या दोन ओळी, फ्लॉक, मग डंप थेट अंतिम नावाने न काढता नावापुढे डॉट पार्ट लावून काढायचा. पूर्ण झाला, साइझ तपासली, मगच एमव्हीने खरं नाव द्यायचं. याने काय होतं की फोल्डरमध्ये नीट नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण झालेलीच आहे, अर्धवट फाइल कधी खऱ्या नावाने दिसतच नाही. साइझ तपासताना मी कालच्या फाइलशी तुलना करते, आजची कालच्या अर्ध्याहून कमी असेल तर थांब आणि ओरड. पोस्टग्रेसचा कस्टम फॉरमॅट वापरला असेल तर पीजी-रिस्टोअर डॅश डॅश लिस्ट चालवून बघायचं, फाइलची अनुक्रमणिका वाचता आली तर निदान फाइलचं तोंड तरी शाबूत आहे.

डेटाबेस डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट वेगळं चालवायचा डबा) असेल तर डॉकर एक्झेकने (चालू कंटेनरच्या आत कमांड चालवायची सोय) डंप काढतात, आणि इथे एक भयानक खड्डा आहे. सवयीने सगळे डॅश आय-टी टाइप करतात. टी लावला की मध्ये टर्मिनल येतं आणि ते प्रत्येक नव्या ओळीच्या आधी एक जादा कॅरेज रिटर्न घुसवतं, म्हणजे बायनरी डंपची पूर्ण वाट लागते, आणि फाइल मात्र चांगली भरभक्कम साइझची दिसते. डंप काढताना टी नाही. रिस्टोअर करताना इनपुट आत ढकलायचं असतं म्हणून फक्त आय. हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवण्यासारखं आहे.

जुने बॅकअप पुसायची ओळ सगळ्यात शेवटी, नवीन बॅकअप तपासून झाल्यावर. आधी पुसून मग काढायला गेलं आणि काढणं फेल होत राहिलं तर काही दिवसांत जुनेही संपतात आणि नवेही नाहीत.

डिस्क भरली, आता काय

डॉकरच्या सर्व्हरवर डिस्क भरायचं पहिलं कारण लॉग. डॉकरचा डीफॉल्ट लॉग ड्रायव्हर जेसन-फाइल, आणि त्याला साइझची मर्यादाच नसते, कंटेनर जितकं बोलेल तितकं तो लिहीत राहतो. ईटीसी फोल्डरमधल्या डॉकर फोल्डरात डीमन डॉट जेसन फाइल करून त्यात लॉग-ऑप्ट्सखाली मॅक्स-साइज १०एम आणि मॅक्स-फाइल ३ लिहा. दोन्ही किमती अवतरण चिन्हांत द्या, ३ हा आकडा असला तरी, नाहीतर डॉकर चालूच होत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे ड्रायव्हरच लोकल करून टाका, त्यात रोटेशन आधीपासून आहे, २० एमबीच्या ५ फाइली, जुन्या कॉम्प्रेस करून. आता इथे लोक हमखास फसतात ते असं, की हे सेटिंग फक्त यापुढे बनणाऱ्या कंटेनरला लागू होतं. डॉकर रीस्टार्ट केलं, कंटेनर रीस्टार्ट केले, तरी जुन्या कंटेनरचे लॉग तसेच वाढत राहतात. कंपोज (एका फाइलमधून अनेक कंटेनर चालवणारं डॉकरचं टूल) अप डॅश डी बरोबर फोर्स-रीक्रिएट देऊन ते नव्याने बनवावे लागतात.

दुसरी गंमत नाही पण डोकं खाणारी गोष्ट, डीएफ (पूर्ण डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतो डिस्क १०० टक्के आणि डीयू (फाइली मोजून बेरीज देणारी कमांड) केलं तर बेरीज निम्मीसुद्धा होत नाही. म्हणजे कोणीतरी मोठी लॉग फाइल आरएमने उडवली पण ती ज्या प्रोसेसने उघडून ठेवलीये ती अजून चालू आहे, त्यामुळे जागा मोकळी झालेली नाही. एलएसओएफ, मग अधिक चिन्ह, कॅपिटल एल आणि १, असं चालवलं की अशा सगळ्या फाइली प्रोसेससकट दिसतात. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा परत. म्हणून चालू लॉग कधी आरएम करू नका, ट्रंकेट डॅश एस शून्य करा. आणि डीएफला जागा दिसतेय तरी 'नो स्पेस लेफ्ट' येत असेल तर डीएफ डॅश आय बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपलेले असतात, लाखो बारक्या सेशन फाइली नाहीतर कॅशच्या फाइली हे बहुतेक वेळा कारण.

साफसफाईला डॉकर सिस्टम डीएफने आधी बघा काय किती खातंय, मग डॉकर सिस्टम प्रून, त्याला फिल्टर अनटिल १६८एच लावून, म्हणजे आठवड्यापेक्षा जुनंच जाईल. प्रून थांबलेले कंटेनरही काढतो हे लक्षात असू द्या, तुम्ही तपासणीसाठी मुद्दाम थांबवून ठेवलेला पण. बिल्ड करणाऱ्या मशीनवर बिल्डर प्रून वेगळा चालवा, तिथे खरी जागा कॅशने खाल्लेली असते. व्हॉल्यूम मात्र मी कधीच स्क्रिप्टमधून प्रून करत नाही. डॉकर २३ पासून व्हॉल्यूम प्रून फक्त निनावी व्हॉल्यूम काढतो आणि नावाची काढायला डॅश ए द्यावं लागतं, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये वापरात नसलेली सगळीच जायची, म्हणजे एकच स्क्रिप्ट दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या गोष्टी करणार. व्हॉल्यूममध्ये डेटा असतो, तो हाताने, नाव वाचून काढायचा.

फायरवॉल लावलीये असं वाटतं

हे नीट वाचा कारण याच्यामुळे डेटाबेस उघडे पडतात. तुम्ही सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (उबंटूची साधी फायरवॉल) चालू केलं, फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे ठेवले, स्टेटस बघितलं तर छान दिसतंय. मग कंपोज फाइलमध्ये पोर्ट्सखाली ५४३२ कोलन ५४३२ लिहिलं. झालं, तुमचा पोस्टग्रेस सगळ्या जगाला उघडा. डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलची मूळ नियमावली) स्वतःचे नियम घालतो आणि पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळतं, आणि यूएफडब्ल्यूचं स्टेटस यातलं काही दाखवत नाही.

उपाय सोपा आहे. एक तर एकाच कंपोजमधले कंटेनर एकमेकांशी सर्व्हिसच्या नावाने बोलू शकतात, त्यासाठी पोर्ट पब्लिश करायची गरजच नाही, ती ओळच काढा. तुम्हाला सर्व्हरवरून स्वतः जोडायचं असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ आणि कोलन लावा, मग तो त्या मशीनपुरताच राहतो, आणि लॅपटॉपवरून एसएसएच टनेल काढून पोचता येतं. पब्लिश करायचाच असेल पण ठरावीक आयपीलाच, तर डॉकर-यूजर नावाची चेन त्यासाठी दिलेली आहे. क्लाउड प्रोव्हायडरची फायरवॉल सर्व्हरच्या बाहेर असते म्हणून ती डॉकरला जुमानत नाही, तीपण लावाच. आणि तपासायचं नेहमी बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) मारून, सर्व्हरच्या आत बसून तपासून काही कळत नाही.

इमेज आणि कंटेनर

डॉकर स्टॉप केल्यावर दर वेळी बरोबर १० सेकंद लागतात का? लागत असतील तर तुमच्या ॲपला थांबायचा निरोप पोचतच नाहीये. डॉकर आधी सिगटर्म (थांबायची विनंती) पाठवतो, १० सेकंद वाट बघतो, मग सिगकिल (सक्तीने मारणं). कंटेनरमधली पहिली प्रोसेस जर शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने ॲप आपल्या पोटात चालू केलं असेल तर सिगटर्म त्या शेलपाशीच संपतो. मग चालू रिक्वेस्ट तुटतात, अर्धे ट्रान्झॅक्शन तुटतात, आणि लॉगमध्ये काहीच नाही. एंट्रीपॉइंट स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ॲपच्या कमांडआधी एक्झेक लिहा, आणि डॉकरफाइलमधला (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवायच्या सूचनांची फाइल) सीएमडी चौकटी कंसात, ॲरेसारखा लिहा. ॲप पोटात आणखी प्रोसेस काढत असेल तर कंटेनर डॅश डॅश इनिटने चालवा.

कंटेनर १३७ देऊन मेला तर १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल. बऱ्याचदा मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलेला असतो, डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएम-किल्ड ट्रू दिसेल. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्मने थांबला, त्यात घाबरायचं काही नाही. जावा वापरणाऱ्यांसाठी, जेव्हीएम कंटेनरच्या लिमिटच्या डीफॉल्ट २५ टक्केच हीपला घेतो, म्हणून २ जीबी देऊनही ॲपला मेमरी कमी पडते, मॅक्स-रॅम-पर्सेंटेज वाढवा, पण १०० च्या जवळ नेऊ नका कारण हीपच्या बाहेरही जेव्हीएमला जागा लागते.

डॉकरफाइलमध्ये आधी फक्त डिपेंडन्सीची यादी कॉपी करा, इन्स्टॉल करा, मग बाकी कोड कॉपी करा. उलट केलं तर एक अक्षर बदललं तरी सगळं परत डाउनलोड होतं. डॉकर-इग्नोर फाइलमध्ये गिटचं फोल्डर आणि डॉट ईएनव्ही हे दोन तर हवेतच. आणि पासवर्डची फाइल कॉपी करून पुढच्या ओळीत आरएम केली म्हणजे ती गेली असं अजिबात नाही, आधीच्या लेयरमध्ये (इमेज अशा थरांची बनलेली असते) ती तशीच बसलेली असते आणि इमेज ज्याच्या हातात आहे त्याला काढता येते. बिल्डकिटमध्ये सीक्रेट माउंटची सोय आहे, रन ओळीपुरती फाइल दिसते, लेयरमध्ये येत नाही. आधीच चुकून गेली असेल तर इमेज पुसत बसण्याआधी तो पासवर्ड बदला.

एआरएम चिपच्या लॅपटॉपवर बनवलेली इमेज साध्या इंटेल सर्व्हरवर नेली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते, बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिनक्स स्लॅश एएमडी६४ सांगा. बेस इमेजला लेटेस्ट टॅग नको, व्हर्जन लिहा. अल्पाइन लहान आहे खरी पण ती मसल सी लायब्ररीवर चालते, पायथनची काही पॅकेजेस तिथे तयार मिळत नाहीत आणि कंपाइल करत बसावं लागतं, मला डेबियन स्लिम जास्त सोयीची वाटते.

कंपोजमध्ये डिपेंड्स-ऑन नुसतं लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच बघितलं जातं, डेटाबेस उत्तर द्यायला तयार आहे का ते नाही. कंडिशन सर्व्हिस-हेल्दी द्या आणि डेटाबेसला पीजी-इझरेडीचा (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) हेल्थचेक लावा. हेल्थचेक लावला म्हणजे आजारी कंटेनर आपोआप रीस्टार्ट होईल असं पुष्कळांना वाटतं, साधा डॉकर फक्त त्याच्यावर अनहेल्दीचा शिक्का मारतो, बाकी काही करत नाही. म्हणून अनहेल्दी फिल्टर लावून डॉकर पीएस चालवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट मी टायमरवर ठेवलीये, काही सापडलं की नाव आणि शेवटच्या ५० लॉगच्या ओळी मेसेजमध्ये येतात.

कुबरनेटीसवाल्यांसाठी (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी सिस्टम) दोनच गोष्टी सांगते. पॉड (तिथला कंटेनरांचा गट) क्रॅश होऊन परत उठला असेल तर साधे लॉग नव्या कंटेनरचे येतात आणि त्यात काही नसतं, डॅश डॅश प्रीव्हियस लावा, मेलेल्याचे शेवटचे शब्द तिथे असतात. आणि शेलच्या प्रॉम्प्टमध्ये चालू कॉन्टेक्स्ट (कमांड कुठल्या क्लस्टरवर चालणार ते) दिसेल असं करा, प्रॉडक्शन असेल तर लाल रंगात. डिलीट करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कॉन्टेक्स्ट स्पष्ट लिहा, जो चालू असेल तो चालेल असं ठेवू नका.

क्लाउडच्या खात्यात पडून राहिलेल्या वस्तू

मशीन उडवलं तरी त्याची डिस्क कधीकधी मागे राहते आणि तिचं बिल चालू राहतं. ॲमेझॉनवर स्टेटस अव्हेलेबल असलेल्या व्हॉल्यूमची यादी काढणारी एक ओळ आठवड्यातून एकदा चालवा, सगळ्या रीजनवर फिरवून, कारण कोणीतरी कधीतरी भलत्या रीजनमध्ये काहीतरी ट्राय केलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ चे पैसे लागतात, वापरात असला तरी, तेव्हा ती यादीपण काढा. क्लाउडवॉचच्या (ॲमेझॉनची लॉग ठेवणारी सर्व्हिस) लॉग ग्रुपला डीफॉल्टने मुदतच नसते, कायम साठत राहतात, रिटेन्शन ३० दिवस वगैरे करून टाका. एस३ वर (ॲमेझॉनची फाइली साठवायची सर्व्हिस) अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट अपलोडचे तुकडे बकेटमध्ये दिसत नाहीत पण जागा खातात, लाइफसायकल नियमाने ते ७ दिवसांनी काढायला सांगा. ही स्क्रिप्ट फक्त यादी पाठवू दे, पुसू नको दे, पुसायचं माणसाने बघून. आणि या सगळ्याच्या आधी, खातं उघडल्याच्या पहिल्या दिवशी, बजेट अलर्ट.

एक अडचण जी शोधायला मला पूर्ण दिवस लागला होता, कंटेनरमधल्या ॲपला इन्स्टन्सचा रोल (ॲमेझॉनवर त्या सर्व्हरला दिलेले परवाने) मिळेना, होस्टवरून सगळं चालायचं, कंटेनरमधून टाइमआउट. मेटाडेटाचा (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती देणारी सर्व्हिस) पत्ता १६९.२५४.१६९.२५४, त्याच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये आधी टोकन घ्यावं लागतं, आणि हॉप लिमिट (उत्तर किती टप्पे पुढे जाऊ शकतं) १ असेल तर ते टोकनचं उत्तर होस्टपर्यंत येतं पण डॉकरच्या ब्रिजवरून आत पोचत नाही. लिमिट २ केलं, लगेच चालू.

टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची रचना कोडमधून उभी करणारं टूल) प्लॅन डॅश आउट देऊन फाइलमध्ये ठेवा आणि अप्लाय त्याच फाइलवर करा, म्हणजे जे वाचलं तेच होईल. डेटाबेसवर प्रिव्हेंट-डिस्ट्रॉय लावा. स्टेट फाइलमध्ये पासवर्ड साध्या अक्षरात असू शकतात म्हणून ती गिटमध्ये नको, रिमोट बॅकएंडवर, लॉकसकट.

आणि परत बॅकअप

महिन्याच्या १ तारखेला एक स्क्रिप्ट चालते जी कालचा बॅकअप उचलते, तात्पुरता पोस्टग्रेस कंटेनर उभा करते, पोर्ट न उघडता, पीजी-इझरेडी हो म्हणेपर्यंत थांबते, आत रिस्टोअर करते आणि मग दोन क्वेरी मारते, मुख्य टेबलात किती ओळी आहेत आणि सगळ्यात ताजी नोंद किती वाजताची आहे. एक्झिट ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणारा भाग) कंटेनर काढायची ओळ असते म्हणजे मध्येच फेल झालं तरी मागे कचरा राहत नाही. ताजी नोंद २४ तासांपेक्षा जुनी निघाली तर स्क्रिप्ट १ देऊन बाहेर पडते आणि मॉनिटरला हाक जात नाही. सगळं ठीक असेल तर ग्रुपवर एका ओळीचा मेसेज येतो, ओळींची संख्या, शेवटच्या नोंदीची वेळ आणि रिस्टोअरला किती मिनिटं लागली. ती मिनिटं मी वहीत लिहून ठेवते, कारण खरंच सर्व्हर गेला आणि कोणी विचारलं की परत कधी चालू होईल, तर तो आकडा माझ्याकडे असतो.